तलवार आणि पिस्तूल: 'रेड स्टील २' हा खेळ आला कुठून?



उन्हाळी सुटीत मंडळाच्या सभागृहात मुलांसाठी दुपारचे वर्ग झाले. शेवटच्या दिवशी मुलांच्या आग्रहावरून एका सभासद कुटुंबाने आपला जुना 'वी' हा व्हिडिओ गेमचा संच आणला आणि प्रोजेक्टरला जोडला. मोठ्या मुलांनी त्यावर 'रेड स्टील २' हा खेळ लावला. भजनासाठी लवकर आलेली ज्येष्ठ मंडळी मागच्या खुर्च्यांवर बसून पाहत होती. पडद्यावर वाळवंटातले गाव, डोक्यावर काउबॉयची टोपी घातलेला एक माणूस, त्याच्या एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात जपानी तलवार. इकडे आमचा आठवीतला खेळाडू हातातला पांढरा रिमोट असा फिरवत होता, की पुढच्या रांगेतल्यांना खुर्च्या मागे घ्याव्या लागल्या.

तेवढ्यात एका आजोबांनी मोठ्याने विचारले, "टोपी काउबॉयची, तलवार जपान्याची. हा आहे तरी कोण?"

सगळे हसले. त्याच संध्याकाळी एका आईने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "असले खेळ मुलांना खेळू द्यावेत का हो?" दोन्ही प्रश्न आमच्या डोक्यात राहिले. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर कळले, तर आईच्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाईल, असे वाटले. म्हणून हा लेख.

खेळ काय आहे

'रेड स्टील २' हा खेळ यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पॅरिसमधल्या विभागाने तयार केला आणि मार्च २०१० मध्ये तो बाजारात आला. तो फक्त निन्टेंडोच्या 'वी' या यंत्रावर चालतो. नावात 'दोन' असले तरी पहिल्या 'रेड स्टील'शी (२००६) त्याच्या कथेचा संबंध नाही. पहिला खेळ आजच्या काळातल्या लॉस एंजेलिस आणि जपानमध्ये घडतो. दुसऱ्याचे जग मात्र पूर्ण काल्पनिक आहे.

अमेरिकेच्या नेवाडा वाळवंटात 'काल्देरा' नावाचे शहर आहे, असे हा खेळ मानतो. तिथे एका बाजूला लाकडी फळ्यांची दारूची गुत्ती, धुळीचे रस्ते आणि शेरीफ. दुसऱ्या बाजूला जपानी धाटणीची छपरे, तलवारी घडवणारी घराणी आणि निंजा. नायकाला नाव नाही. तो 'कुसागारी' घराण्याचा शेवटचा वारस आहे. हद्दपारी भोगून तो परततो, तेव्हा सगळे घराणे मारले गेलेले असते. खेळ सुरू होतो तेव्हाच त्याचे हात बांधलेले असतात आणि एक गुंड मोटारसायकलला बांधून त्याला वाळवंटातून फरफटत नेत असतो. त्याची तलवारही हिसकावलेली असते. तिथून पुढे तलवार परत मिळवायची, मारेकऱ्यांचा माग काढायचा आणि शेवटी मुख्य शत्रू शिंजिरो याच्यापर्यंत पोहोचायचे, एवढीच कथा.

कथेत फार खोली नाही, हे आधीच सांगतो. पण चित्रकला देखणी आहे. खऱ्या छायाचित्रासारखे दिसण्याचा अट्टाहास न करता चित्रकथेसारख्या ठळक रेषा आणि तापलेले रंग वापरले आहेत. रक्त दाखवलेले नाही.

हातातला रिमोट तलवार कशी होते

मुलांना या खेळाचे वेड का लागते, ते त्याच्या यंत्रात दडलेले आहे. आजी-आजोबांसाठी ते जरा सविस्तर सांगतो.

नेहमीच्या व्हिडिओ गेममध्ये बटण दाबले की पडद्यावरचा माणूस तलवार चालवतो. 'वी'च्या रिमोटमध्ये मात्र हाताची हालचाल ओळखण्याची सोय आहे. त्याच्या टोकाला एक छोटा कॅमेरा असतो. टीव्हीजवळ ठेवलेल्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो, तो या कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून रिमोट पडद्याच्या कोणत्या भागाकडे रोखला आहे हे यंत्राला कळते. बंदुकीचा नेम धरायला एवढे पुरते.

तलवारीला पुरत नाही. तलवार फिरवताना रिमोटचे टोक पडद्यापासून दूर जाते आणि कॅमेरा आंधळा होतो. मग उरतो तो रिमोटमधला त्वरणमापक, म्हणजे हालचालीचा झटका मोजणारा भाग. हात स्थिर असेल तर गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवरून त्याला रिमोटचा तिरपेपणा समजतो. पण जोरात वार केला की गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि हाताचा झटका एकमेकांत मिसळतात. 'काहीतरी हलले' इतके समजते, कोणत्या कोनातून आणि किती वळले हे समजत नाही. पहिल्या 'रेड स्टील'चे घोडे इथेच अडले. खेळाडू हात कसाही हलवो, यंत्र त्यातून ठरावीक दोन-चार इशारे ओळखायचे आणि आधीच बनवलेला वार पडद्यावर दाखवायचे. समीक्षकांनी नाक मुरडले, आणि ते बरोबरच होते. तलवार हातात असल्याचा भास टिकत नव्हता.

२००९ मध्ये निन्टेंडोने 'मोशन प्लस' नावाचा छोटा जोड-भाग आणला. तो रिमोटच्या खालच्या टोकाला बसवायचा. त्यात घूर्णदर्शक असतो, म्हणजे रिमोट कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरतो आहे ते मोजणारा भाग. प्रत्येक क्षणाच्या फिरकीची बेरीज करत गेले की मनगटाचा कोन कळतो. अर्थात बेरजेत बारीक चुका साठत जातात, म्हणून मधूनमधून रिमोट स्थिर धरून किंवा पडद्याकडे रोखून हिशेब जुळवून घ्यावा लागतो. आपल्या मोबाइलमध्येही हीच जोडी असते. फोन आडवा केला की चित्र आडवे होते, त्यामागे असेच मापक काम करतात.

'रेड स्टील २' हा 'मोशन प्लस'शिवाय चालतच नाही. म्हणून वाराची दिशा आणि जोर दोन्ही मोजता येतात. हलका वार केला तर चिलखत घातलेला शत्रू दाद देत नाही. खांद्यापासून हात फिरवून पूर्ण वार केला की चिलखत फुटते. समोरून वार आला की रिमोट आडवा किंवा उभा धरून तो अडवायचा. इतकेच काय, तलवार समोर धरली तर गोळीही अडते.

सगळ्यात चांगली युक्ती आणखी वेगळी आहे. तलवार आणि पिस्तूल यांत अदलाबदल करायला वेगळे बटण ठेवलेले नाही. रिमोट रोखून घोडा दाबला की ते पिस्तूल होते, हवेत फिरवला की तलवार होते. दूरच्या शत्रूला गोळी, जवळच्याला पाते. अर्ध्या तासात मुलाच्या हाताला ही अदलाबदल इतकी सवयीची होते, की तो विचार करणेच सोडून देतो.

इथे आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. आपल्या वडोदऱ्यातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची आणि माणिकरावांची परंपरा जुन्या मंडळींना सांगायला नको. लाठी आणि फरी-गदगा खेळलेले हे काका म्हणाले, "पोराचा खांदा छान फिरतोय. पण गदग्याला गदगा लागतो तेव्हा जो झणका हाताला बसतो, तो यात नाही. झणक्याशिवाय हात शहाणा होत नाही." अगदी खरे आहे. रिमोट थरथरतो, पण तो वार परतवू शकत नाही. मुलगा वार करायला शिकतो, वार सोसायला शिकत नाही. यंत्राची ही मर्यादा पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

काउबॉय आणि सामुराई यांची जुनी ओळख

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. टोपी आणि तलवार ही जोडी पॅरिसच्या मंडळींनी २०१० मध्ये शोधलेली नाही. तिच्यामागे चित्रपटांची मोठी देवाणघेवाण आहे.

जपानचे थोर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा हे अमेरिकेच्या जॉन फोर्ड यांचे चाहते होते. फोर्ड म्हणजे काउबॉय चित्रपटांचे, ज्यांना 'वेस्टर्न' म्हणतात त्यांचे, सगळ्यात मोठे नाव. उघडा माळ, वाऱ्याने उडणारी धूळ, दूरवरून येणारे घोडेस्वार आणि संकटात सापडलेली छोटी वस्ती ही फोर्ड यांच्या चित्रपटांची सामग्री. कुरोसावांनी १९५४ मध्ये 'सेव्हन सामुराई' काढला. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी सात सामुराई भाड्याने आणतात, ही त्याची गोष्ट. सहा वर्षांनी, १९६० मध्ये, हॉलिवूडने रीतसर हक्क घेऊन तीच गोष्ट काउबॉयच्या वेशात सांगितली. तो 'द मॅग्निफिसंट सेव्हन'. अमेरिकेतून जपानला गेलेले अमेरिकेला परत आले.

१९६१ मध्ये कुरोसावांचा 'योजिंबो' आला. एक बेकार, मालक नसलेला सामुराई एका गावात येतो. गावात दोन टोळ्या भांडत असतात. तो दोघांनाही आपली तलवार विकतो आणि दोघांनाही एकमेकांच्या हातून संपवतो. ही भूमिका तोशिरो मिफुने यांनी केली. या कथेवर डॅशिएल हॅमेट या अमेरिकन लेखकाच्या गुन्हेगारी कादंबऱ्यांची छाया आहे, असे अनेक समीक्षक म्हणतात. १९६४ मध्ये इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी हीच कथा उचलून 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला आणि क्लिंट ईस्टवुड जगप्रसिद्ध झाले. या वेळी मात्र हक्क घेतले नव्हते. प्रकरण वकिलांपर्यंत गेले आणि शेवटी जपानी बाजूला उत्पन्नात वाटा देऊन ते मिटले.

आता गंमत पाहा. अमेरिकन लेखकाची छाया असलेली कथा जपानी दिग्दर्शकाने केली, ती इटालियन माणसाने घेतली, चित्रीकरण स्पेनमध्ये केले आणि पडद्यावर गाव दाखवले अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरचे. खरा मालक कोण, हे सांगणे अवघड आहे.

१९७१ मध्ये दोघे एकाच चित्रपटात समोरासमोर आले. त्याचे नाव 'रेड सन'. १८७० च्या अमेरिकेत एका जपानी राजदूताच्या आगगाडीवर दरोडा पडतो आणि मौल्यवान तलवार चोरीला जाते. ती परत आणायला सामुराई मिफुने आणि बंदूकबाज चार्ल्स ब्रॉन्सन यांना एकत्र निघावे लागते. चोरीला गेलेली तलवार आणि तिच्यामागे वाळवंट तुडवणारा योद्धा! 'रेड स्टील २'ची बीजे इथे स्पष्ट दिसतात. २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या दुसऱ्या पिढीवर 'सामुराई वेस्टर्न' नावाचा एक जपानी खेळही येऊन गेला. त्यात भावाच्या शोधात अमेरिकेत आलेला सामुराई गोळ्या चुकवत तलवारीने लढतो.

ही ये-जा अजून थांबलेली नाही. ईस्टवुड यांनी १९९२ मध्ये 'अनफरगिव्हन' हा वेस्टर्न काढला. २०१३ मध्ये जपानने त्याची आपली आवृत्ती केली. तिच्यात अमेरिकेच्या जागी उत्तरेचे होक्काइदो बेट आले आणि बंदूकबाजाच्या जागी जुना सामुराई.

आपण या सगळ्यापासून लांब आहोत असे कोणी समजू नये. १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेला 'शोले' आठवा. गावाला छळणारा दरोडेखोर, भाड्याने आणलेले दोन उनाड वीर, दगडधोंड्यांचे माळरान आणि आगगाडीवरची चकमक. कुरोसावा आणि लिओने दोघेही त्यात आहेत. ते रामगढ बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत उभे केले होते. 'शोले'चे संवाद तोंडपाठ असलेल्या आपल्या पिढीने नातवाला 'ही कसली भेसळ?' असे विचारण्याआधी थोडे थांबावे.

एकाच काळातली दोन माणसे

चित्रपट बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतो. जपानी सामुराई आणि अमेरिकन काउबॉय यांच्यामध्ये सारा प्रशांत महासागर. त्यांची जोडी इतकी जुळते कशी?

एक कारण साधे आहे. दोघे एकाच काळातले आहेत. अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम किनारा रेल्वेने जोडला गेला १८६९ मध्ये. काउबॉय चित्रपटांत दिसणारे प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हर आले १८७३ मध्ये. १८९० च्या जनगणनेनंतर तिथल्या सरकारने सांगितले, की आता सलग अशी सीमारेषा उरलेली नाही. जपानमध्ये १८६८ ला शोगुनांची सत्ता जाऊन मेइजी राजवट आली, १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली आणि १८७७ मध्ये त्यांचे शेवटचे मोठे बंड मोडले गेले. म्हणजे दोन्हीकडे साधारण त्याच पंचवीस वर्षांत एक जग मिटत होते.

प्रत्यक्ष भेटीही झाल्या. १८५४ मध्ये अमेरिकन आरमाराचे अधिकारी पेरी यांनी जपानला दिलेल्या भेटवस्तूंत कोल्टची पिस्तुले होती. १८६० मध्ये जपानचे शिष्टमंडळ अमेरिकेला गेले, तेव्हा कमरेला दोन तलवारी लावलेले सामुराई सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर फिरले. १८६९ मध्ये आइझू या पराभूत प्रांतातली काही माणसे थेट कॅलिफोर्नियात गोल्ड हिल इथे जाऊन राहिली. त्यांनी तिथे चहा आणि रेशीम पिकवायचा प्रयत्न केला. वसाहत दोन वर्षांत मोडली. त्यांच्यातल्या ओकेई नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची कबर आजही तिथे आहे.

आणि एका हातात तलवार, एका हातात पिस्तूल असलेला सामुराईही खरोखर होऊन गेला. त्याचे नाव साकामोतो ऱ्योमा. शोगुनांची सत्ता उलथवण्यात त्याचा मोठा वाटा होता. १८६६ मध्ये क्योतोजवळच्या तेरादाया या खाणावळीत त्याच्यावर छापा पडला, तेव्हा त्याने अमेरिकन बनावटीच्या रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडून सुटका करून घेतली. ते पिस्तूल त्याला एका मित्राने भेट दिले होते. पुढच्याच वर्षी तो मारला गेला. त्याचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. अंगात जपानी पोशाख, कमरेला छोटी तलवार आणि पायांत पाश्चात्त्य बूट. सभागृहातल्या आजोबांनी त्या छायाचित्रालाही हेच विचारले असते, "हा आहे तरी कोण?"

खेळात काय बदलते

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

वेस्टर्न चित्रपटात पिस्तूल हे नायकाचे कौशल्य असते. कोणाचा हात आधी निघतो यावर त्याचे शौर्य मोजतात. सामुराई चित्रपटात उलटे आहे. तिथे कौशल्य म्हणजे तलवार, आणि बंदूक ही बहुधा समोरच्याची. 'सेव्हन सामुराई'मध्ये सातांपैकी चौघे मरतात. चौघेही गोळीने मरतात. त्यांतला एक तर तलवारबाजीत अद्वितीय आहे; आयुष्यभराची साधना एका दूरच्या आवाजाने संपते. 'योजिंबो'तही रिव्हॉल्व्हर खलनायकाच्या हातात आहे. म्हणजे या चित्रपटांत तलवार आणि बंदूक समोरासमोर येतात, तेव्हा ते एका युगाचे मरण असते. पाहणाऱ्याच्या पोटात कालवते.

इतिहासात हे इतके सरळ नव्हते, हेही सांगायला हवे. पोर्तुगीजांबरोबर बंदुका जपानमध्ये १५४३ मध्येच आल्या होत्या. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाने बंदूकधाऱ्यांच्या जोरावर घोडदळ मोडून काढले. पुढच्या शांततेच्या अडीचशे वर्षांत बहुतेक सामुराई कारकुनी आणि कारभार करत होते, त्यांचा पगार तांदळात मिळायचा. काउबॉयही मुळात गुरे हाकणारा मजूर. त्यांत मेक्सिकन होते, कृष्णवर्णीय होते. दोराचा फास टाकण्याची त्यांची कला मेक्सिकन गुराख्यांकडून आली. एकटा, मानी, नाव नसलेला वीर ही दोन्हीकडची नंतरची कल्पना आहे. पण कल्पनेला स्वतःचे सत्य असते, आणि त्या कल्पनेत बंदूक हे दुःख आहे.

'रेड स्टील २' ते दुःख काढून टाकतो. तिथे तलवार गोळी अडवू शकते. मग तलवारबाजाला बंदुकीचे भय उरत नाही, आणि दोन्ही शस्त्रे एकाच हातात सुखाने नांदतात. खेळ म्हणून ही उत्तम योजना आहे. टोपी काउबॉयची आणि तलवार नुसती शोभेला, असे इथे होत नाही. पिस्तुलाला त्याचे काम आहे, तलवारीला तिचे. एकाशिवाय दुसऱ्याचे चालत नाही. बऱ्याच मिश्रणांत एक गोष्ट मुख्य आणि दुसरी कोथिंबिरीसारखी वरून भुरभुरलेली असते. इथे तसे नाही. म्हणूनच पंधरा वर्षांनंतरही तो खेळायला मजा येते.

पण त्याची किंमत आहे. काकांच्या बोलण्यातला तो झणका इथेही नाही. वार सोसावा लागत नाही, तसेच काही गमावावेही लागत नाही. नायकाचे सगळे घराणे मेले आहे, तरी त्याचे दुःख खेळणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मुलांना 'त्याचे घराणे कसे मेले?' विचारले, तर एकालाही सांगता आले नाही. चिलखत फोडायला किती जोर लावायचा, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

मग घरी खेळू द्यावा का?

आईच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे.

हा मारामारीचाच खेळ आहे. अमेरिकेत त्याच्यावर तेरा वर्षांवरील मुलांसाठी अशी खूण आहे. ती पाळावी. रक्त दाखवलेले नाही म्हणून तो निरुपद्रवी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. रक्त नसल्यामुळे मारणे हलके वाटते, असा उलटा आक्षेपही घेता येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. मोठी मुले खेळत असतील, तर अधूनमधून शेजारी बसावे आणि विचारावे, "हा कोण? त्याला का मारलेस?" उत्तर आले नाही तरी चालेल. प्रश्न पडला पाहिजे.

काही साध्या सूचना. रिमोटची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळू देऊ नये. हातातून सुटलेला रिमोट टीव्हीची काच फोडतो. समोर आणि बाजूला दोन हात मोकळी जागा ठेवावी. खांदा दुखू लागला की थांबावे. आजकाल अनेक घरांत प्लेस्टेशन आहे आणि २०२० मध्ये आलेला 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा सामुराईंचा खेळ मुलांमध्ये फार बोलला जातो. त्यात कृष्णधवल चित्रपटासारखे दिसणारे 'कुरोसावा' नावाचे रूपही आहे. पण तो प्रौढांसाठीचा, रक्तपात उघड दाखवणारा खेळ आहे. शाळकरी मुलांसाठी नाही.

आणि मुख्य सूचना ही, की खेळ खेळू दिलात तर चित्रपटही दाखवा. खेळात हाताला जे मिळते ते चित्रपटात नाही, आणि चित्रपटात मनाला जे लागते ते खेळात नाही. 'सेव्हन सामुराई' साडेतीन तासांचा आहे, मुले कंटाळतील. 'योजिंबो' दोन तासांच्या आत संपतो आणि विनोदीही आहे. मंडळाच्या एखाद्या शनिवारी तो दाखवावा, असा विचार चालू आहे. चित्रपटातली मारामारी पाहता, दहावीच्या पुढच्या मुलांना पालकांसह बोलवावे असे वाटते. सभासदांनी आपले मत कार्यालयात कळवावे.

शेवटी आजोबांचा प्रश्न

"हा आहे तरी कोण?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजोबांना नंतर दिले. ऱ्योमाचे ते बूट घातलेले छायाचित्र फोनवर दाखवले. त्यांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे 'फिरंग' म्हणायचे की! पाते परदेशातले, मूठ इथली. मराठ्यांनी लढाया मारल्या त्याच्यावर. कोणी विचारले नाही तलवार कोणाची म्हणून."

आम्हाला हे सुचले नव्हते. युरोपातून आलेली लांब, सरळ पाती आपल्या कारागिरांनी आपल्या मुठीत बसवली आणि त्या तलवारीला नाव पडले 'फिरंग'. नावातच परकेपण आहे, तरी ती आपलीच ठरली. कारण ती हातात बसत होती आणि कामाला येत होती.

गायकवाडांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला आहे. पुण्याला लग्नाला गेलो, की आपल्या बोलण्यातले गुजराती शब्द ऐकून कोणीतरी हसून विचारतेच, "तुम्ही नक्की कोण?" आपण वरणभातावर ढोकळा घेतो आणि गणपतीच्या आरतीनंतर गरब्यालाही जातो. उत्तर द्यायची घाई आपल्याला नसते. दोन्हींना घरात काम आहे, एवढे आपल्याला माहीत असते.

तो आठवीतला खेळाडू सध्या दर रविवारी सकाळी काकांकडे लाठी शिकायला जातो. पहिल्याच दिवशी काकांची काठी त्याच्या काठीवर बसली आणि त्याच्या हातातून काठी उडाली. तो हात झाडत उभा राहिला, मग काठी उचलून पुन्हा समोर आला. रिमोट त्याने सोडलेला नाही. काकांनीही सोड म्हटलेले नाही.